सुभेदारांच्या गाडीचं पुढचं डावं चाक

गाडी थरथरते अशी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक मला आता दारातच ओळखू येतं. ते चावी माझ्या हातात देत नाही, टेबलावर ठेवतं. माझ्याकडे येण्याआधी ते तीन ठिकाणी जाऊन आलेलं असतं. तिथे त्याने टायर, रबरं आणि एखाद्या वेळी सीट कव्हरसुद्धा बदललेलं असतं, आणि गाडी अजून थरथरत असते. त्यामुळे चौथ्या माणसाकडे ते ज्योतिषाकडे जावं तसं येतं. विश्वास नसतो, पण घरच्यांनी सांगितलेलं असतं.

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. त्याआधी नऊ वर्षं मी कुपवाडला एका कारखान्यात पंपांचे पंखे तोलून बघायचं काम करत होतो. माझे वडील सांगलीला हळदीच्या पेठेत हमाल होते. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला, आणि पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. पदवीदानाचा माझा फोटो वडिलांनी देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावला होता आणि ते रोज त्यालाही उदबत्ती ओवाळायचे. अशा माणसाच्या मुलाला आपल्या शिक्षणाची थट्टा करणं जमत नाही. कॉलेजने मला सूत्रं दिली, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण थरथर म्हणजे काय हे शिकवलं कारखान्यातल्या मगदूम मिस्त्रींनी. ते सातवी शिकलेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात डायल गेज दिलं. हे घड्याळासारखं दिसणारं उपकरण असतं. फिरत्या वस्तूला त्याचं टोक टेकवलं की ती वस्तू केसाच्या जाडीएवढी जरी वाकडी फिरत असली तरी काटा हलतो. मिस्त्री म्हणाले, "हे कवाच खोटं बोलत न्हाई. पण जिथं लावशील तिथलंच सांगतंय, एवढं ध्यानात ठेव."

मी ते ध्यानात ठेवलं आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

बाहेरच्या माणसासाठी धंद्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो. गाडीत फिरणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात आणि प्रत्येकीची थरथरण्याची वेळ वेगळी असते. म्हणून आम्ही आधी पाना उचलत नाही, प्रश्न विचारतो. किती वेगाला थरथरते? स्टिअरिंगला कळतं की बुडाखाली? ब्रेक दाबल्यावर की न दाबता? उभ्या जागी थरथरत असेल तर इंजिनाखालची रबरं बघायची. ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकची डिस्क. स्टिअरिंगला कळत असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटला कळत असेल तर मागची. हे विचारता आलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं गिऱ्हाइकाच्या उत्तरावर असतं, आणि उत्तर सहसा "लय थरथरतीया हो" असं येतं.

सांगलीचे एक हळदीचे व्यापारी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, खास एवढ्यासाठी साताऱ्याला आले. म्हणाले, "एरवी ठीक चालतीया. ही बसली की थरथरतीया." 'ही' म्हणजे वहिनी, त्या शेजारीच उभ्या होत्या. मी वहिनींना मागच्या सीटवर बसायची विनंती केली आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. सायलेन्सरचा पाइप ज्या रबरावर टांगलेला असतो ते तुटलं होतं. मागे वजन आलं की गाडी दोन बोटं खाली बसायची आणि पाइप ॲक्सलला टेकायचा. वरून वहिनींचा आवाज आला, "सापडलं का हो? का आजून थोडं जेवून येऊ?" मी खालून सांगितलं, रबर तुटलंय. त्यावर त्या अण्णांना म्हणाल्या, "ऐकलं का? रबर. आन् मला आठ म्हैने एसटीनं पाठवत हुतासा."

मिरजेकडच्या एका ऊसवाल्याच्या गाडीची थरथर मी खुरप्याने काढली. शेतातली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळली होती, एका चाकात जवळजवळ अर्धा किलो. तो बिचारा फार नाराज झाला. इंजिनिअरकडे येऊन खुरपं निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

सुभेदारांचं तसं नव्हतं. ते नेमकं उत्तर द्यायचे. साताऱ्याजवळच्या एका खेड्यातले, वय चौऱ्याहत्तर. पंचवीस वर्षं त्यांनी सैन्यात ट्रक चालवला, त्यातली बरीच बर्फात. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्याकडे अठरा वर्षं जुनी पांढरी डिझेल गाडी आहे. दर गुरुवारी ती गाडी आबांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन लोणंदला जायची. तिथे बाजार करायचा, तिथेच दिलेल्या लेकीकडे जेवायचं आणि परत यायचं. गेल्या उन्हाळ्यात आबा गाडी घेऊन माझ्याकडे आले आणि मी विचारायच्या आत म्हणाले, "पंच्याहत्तरला सुरू, नव्वदला बंद. स्टेरिंगमधी. बिरेक दाबला, न दाबला, सारखंच."

असं उत्तर मला तीस वर्षांत मिळालं नव्हतं. त्यावरून तरी मी शहाणं व्हायला हवं होतं.

मी चारही चाकं काढून तोलायच्या मशीनवर लावली. मशीनवर चाक फिरवलं की एकीकडे जास्त असलेलं वजन ते ग्रॅममध्ये दाखवतं. चारही चाकांना शून्य. स्टिअरिंगचे सांधे हलवून पाहिले, घट्ट होते. मग गाडी चालवून पाहिली. त्या दिवसांत हायवेवर पुलाचं काम चालू होतं आणि सगळी वाहतूक बाजूच्या रस्त्याने रांगेत चालली होती. म्हणून मी औद्योगिक वसाहतीत दोन फेऱ्या मारल्या. साठच्या पुढे काटा गेला नाही. काही जाणवलं नाही. आबांना म्हणालो, "आबा, मशीन तर शून्य दाखवतंय." ते म्हणाले, "मशीन चालवतंय का गाडी?" मी हसलो. ते हसले नाहीत.

दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा, सुहासचा, पुण्याहून फोन आला. फार नम्र माणूस. "सर, गाडीत नक्की काय निघालं?" मी सांगितलं, गाडीत दोष नाही. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. आबांचे हातच थरथरतात सर. मी दिवाळीपासून बघतोय. ते म्हणतात, मी थरथरत नाही, स्टिअरिंग थरथरतं. म्हणून ठरवलं होतं की तुम्ही सांगाल ते खरं. गाडीत दोष असेल तर दुरुस्त करून चालवू देत. नसेल तर गाडी विकायची."

मला हा प्रश्न विचारला जातोय हे मला ठाऊकच नव्हतं. मी घाईने म्हणालो, "अहो, मी हातांबद्दल काही बोललेलो नाही." तो म्हणाला, "नाही सर, तुम्ही फक्त गाडीबद्दल बोललात, तेवढंच हवं होतं. थँक यू." फोन बंद झाला. मी सांगितलं होतं ते मशीनने दाखवलेलं होतं. पण मशीनने चाकाबद्दल सांगितलं होतं, मी गाडीबद्दल सांगितलं, आणि सुहासने ते आबांबद्दल ऐकलं.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी आबा पुन्हा आले. मागे काकू बसल्या होत्या. उद्या गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं आणि सुहासही येणार होता. आबांनी चावी टेबलावर ठेवली.

"पुलाचं काम झालंय. आता तू चालव. म्या हात लावत न्हाई. ऐंशीला ने. न्हाई थरथरली तर उद्या इकून टाकतो, तुझ्याम्होरं."

काकू मागून म्हणाल्या, "आन् ताटातली आमटी सांडती, ती बी गाडीमुळंच का, तेवढं इचारा त्यास्नी."

"तू गप गं."

"म्या गपच हाय. आमटी बोलतीया."

आम्ही तिघे हायवेवर आलो. सत्तरपर्यंत गाडी गुणी मुलासारखी चालली. पंच्याहत्तरला माझ्या दोन्ही तळहातांत मुंग्या आल्यासारखं झालं. ऐंशीला स्टिअरिंग स्पष्ट हलायला लागलं, समोरच्या आरशाला टांगलेली छोटी घंटा किणकिणू लागली. नव्वदच्या पुढे नेली, सगळं शांत. परत ऐंशीला आणली, परत घंटा.

मी म्हणालो, "आबा, थरथरतीय."

आबा खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "व्हय. मग आता फोन कर त्याला."

मी म्हणालो, आधी कारण सापडू दे. एकदा कारणाशिवाय फोनवर बोललो होतो, ते पुरे झालं होतं.

गॅरेजात आल्यावर मी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली आणि पुन्हा हायवेवर जाऊन आलो. थरथर जिथल्या तिथे, पुढेच. म्हणजे चाकं निर्दोष, मशीन खरं बोललं होतं. मग मी डायल गेज काढलं, जे पहिल्याच दिवशी काढायला हवं होतं. चाक गाडीवरच ठेवून, उचलून, हाताने सावकाश फिरवलं आणि गेजचं टोक रिमच्या कडेला टेकवलं. उजवं चाक ठीक होतं. डावं चाक फिरताना एका जागी बाहेर येत होतं, साधारण एक मिलिमीटर. त्या जागी रिमवर खडूने खूण केली. मग नट सोडून चाक दोन भोकं पुढे फिरवून बसवलं. आता खूण चाकाबरोबर पुढे गेली, पण चाक बाहेर येण्याची जागा तिच्याबरोबर सरकली नाही. म्हणजे दोष चाकात नव्हता, चाक ज्यावर बसतं त्यात होता. नवीन गाडीने एवढी चूक पोटात घातली असती. अठरा वर्षांच्या गाडीचे सांधे थोडे थोडे सैल असतात, ती असली चूक थेट स्टिअरिंगला सांगते.

चाक काढलं. मागे एक चपटी गोल तबकडी असते, तिच्यावर चाक टेकतं आणि नटांनी आवळलं जातं. दोन लोखंडं एकमेकांना सपाट भिडली पाहिजेत, मध्ये काहीही नको. इथे मध्ये रंग होता. चंदेरी, जाड, कडेला थिजलेले ओघळ.

"आबा, हा रंग?"

"खंडेनवमीचा," आबा म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची, गाड्यांची पूजा होते. लोक गाडी धुतात, हार घालतात. आबा चारही चाकं उतरवायचे. रिम आतून-बाहेरून घासायची, आणि मागची तबकडीसुद्धा, सगळ्याला रंग द्यायचा, वाळल्यावर हळदकुंकू लावायचं आणि चाकं चढवायची. सैन्यात तपासणीला साहेब चाकामागे वाकून बघायचा, म्हणून आबा देवासाठीही चाकामागे रंगवायचे. गाडी घेतल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. एका वर्षी काळा, एका वर्षी चंदेरी, डबा उरेल तसा.

गावाकडे मी अशा चुका बऱ्याच पाहिल्या आहेत, पण आळसाने झालेल्या. एवढ्या निष्ठेने झालेली ही पहिलीच.

मी पातळ पट्टीने रंग खरवडायला घेतला. मोठा पापुद्रा निघाला. त्याची कड उजेडात धरली तर काळी, चंदेरी, काळी, चंदेरी अशा रेघा मोजता येत होत्या. धंद्यातल्या माणसाला असल्या वस्तूचं फार आकर्षण असतं, मी आनंदाने मोजू लागलो. खालच्या पंधराएक रेघा कागदासारख्या पातळ आणि सरळ होत्या, छापल्यासारख्या. एवढ्या वर्षांचा रंग असूनही चाक बरोबर बसत होतं, कारण सगळीकडे सारखा होता. बिघडल्या होत्या वरच्या तीन. तिथे रंग एकीकडे साचला होता, दुसरीकडे ब्रश पोचलाच नव्हता, मध्ये नागमोडी ओरखडे होते. शेवटच्या रेघेत पोस्टकार्डाच्या जाडीएवढा उंचवटा होता. त्या उंचवट्यावर चाक तिरकं बसलं होतं.

मला काय दिसतंय हे कळलं तेव्हा मी मोजायचं थांबवलं. पापुद्रा कचऱ्याच्या डब्यात टाकणार होतो. आबांनी हात पुढे केला.

त्यांनी तो चष्म्याजवळ धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मिस्त्रींसारखाच त्यांचाही वस्तू बघण्याचा पिंड होता.

"ह्या खालच्या बघ," ते म्हणाले. "आरशागत हायत."

"आहेत आबा."

"आन् ह्या वरच्या कुणाच्या?"

मी पट्टी पुसायला घेतली. काकूंनी या वेळी आमटीचं नाव काढलं नाही. आबांनी पापुद्रा शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणाले, "घास चांगलं. लोखंड दिसूस्तोवर."

चारही तबकड्या आणि रिमा घासून काढायला दुपार झाली. मग आबा स्वतः स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. हायवेवर ऐंशीला घंटा गप्प होती. पंच्याऐंशी, गप्प. मला मनापासून आनंद झाला, मी त्यांच्याकडे बघितलं.

आमच्या धंद्यात असं होतं की मोठी थरथर काढली की तिच्या मागची लहान कळायला लागते. ती आधीही असते. स्टिअरिंग दगडासारखं स्थिर होतं आणि त्यावर आबांचा डावा अंगठा हलत होता, सावकाश, एका लयीत, गाडीच्या वेगाशी काही संबंध नसलेला. आबाही त्याच्याकडेच बघत होते. मग त्यांनी वेग कमी केला, चाळीसवर आणला आणि परत येईपर्यंत चाळीसच ठेवला.

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. बोलावणं नव्हतं, पण माझ्या तोंडून गेलेलं वाक्य तिथे कामाला लागलं होतं आणि ते परत घेणं भाग होतं. अंगणात गाडी उभी होती. घ्यायला आलेला माणूस कराडचा होता, तो पोहे खात होता. सुहास कागदांची पिशवी घेऊन उभा होता.

मी त्याला म्हणालो, "सुहासराव, मी चुकलो होतो. गाडीत दोष होता. मी आबांनी सांगितलेल्या वेगाला चालवलीच नव्हती." आणि चाक, तबकडी, रंग, सगळं नीट समजावून सांगितलं. कराडचा माणूस म्हणाला, "म्हंजे आता गाडी एकदम झाक हाय म्हणा की."

सुहासने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे सर, आबांचे हात बरोबर आहेत?"

अंगणात सगळे माझ्याकडे बघू लागले, आबा सोडून. मी आयुष्यात खूप तोंडी परीक्षा दिल्या, पण इतका अवघड प्रश्न आला नव्हता. 'हो' म्हणालो तर येत्या गुरुवारी हा माणूस काकूंना बसवून हायवेने जाणार. 'नाही' म्हणालो तर त्याच्याच अंगणात, त्याच्याच मुलापुढे, परक्या गिऱ्हाइकासमोर मी त्याला निकालात काढणार. मी म्हणालो, "मी गाडीचा इंजिनिअर आहे." हे खरं होतं आणि मला त्याची लाज वाटली. अजून वाटते.

आबा खुर्चीतून उठले. खिशातून तो पापुद्रा काढून त्यांनी मुलाच्या तळहातावर ठेवला.

"खालच्या रेघा माझ्या. वरच्या तीन बी माझ्याच. ह्यानं गाडी बरी केली. आता मला दाखवायचंय. उद्या साताऱ्याला, डॉक्टरकडं. गाडी लागंल जायला, तवा इकायची न्हाई." मग कराडच्या माणसाकडे वळून, "पाव्हणं, च्या घिऊन जावा."

सुहास पापुद्र्याकडे बघत होता. त्याला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तो हळूच म्हणाला, "आबा, पण चालवणार कोण?"

"तू."

"मला ही जमत नाही आबा. माझी गाडी ऑटोमॅटिक आहे. क्लच दाबून मला पाच-सहा वर्षं झाली."

"म्हून तर म्हनतो."

सुहासने सोमवारची रजा टाकली. दुपारी ती पांढरी गाडी माझ्या फाटकात येऊन थांबली. स्टिअरिंगवर सुहास, त्याच्या कपाळावर घाम. शेजारी आबा, ताठ. मागे काकू. मी खिडकीशी जाऊन विचारलं, डॉक्टर काय म्हणाले.

"गोळ्या दिल्यात," आबा म्हणाले. "कंप म्हंत्यात त्याला. गाडी बंद करा म्हणाला."

काकू मागून म्हणाल्या, "डॉक्टरनं गाडी हळूच बंद केली. ह्यो मगाधरनं जोरात करतोय, पाच येळा."

"आई," सुहास म्हणाला.

"गुरुवारी लोनंदला जायाचंय," आबा म्हणाले, "तवर ह्याला चढावर गाडी उचलाय शिकवायचीय. चला."

सुहासने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि फाटकातच बंद पडली. मागे एक रिक्षावाला हॉर्न वाजवू लागला. आबांनी मागे वळूनही बघितलं नाही. दोन्ही पंजे काखेत घालून त्यांनी हातांची घडी घातली, आणि समोर बघत, रंगरूटाशी बोलावं तशा आवाजात म्हणाले,

"परत. न्यूट्रलपासनं."